ताठ काठी चंपतरावाला, घर जयवंताबाईंना

मी शालिकराम कवडूजी निनावे, वय एकोणसाठ, पूर्वी छापखान्यात खिळे जुळवणारा, राहणार जुनी शुक्रवारी, नागपूर, हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पुतण्या चंपतराव चारचौघांत उलट सांगतो, कारण उद्या मी जयवंताबाईंशी पाट लावत आहे. मी फार आनंदात आहे. पण आनंद म्हणजे वेड नव्हे, हे आधी नोंदवावे.

कलम पहिले. राहते घर, विहीर व परसातील पेरूच्या झाडासह, माझ्यामागे जयवंताबाईंचे. मी डोळे मिटल्यावर त्यांना कोणी ओसरीवरून उठवू नये.

कारण विचारले जाईल, म्हणून सांगतो. कामठीच्या लिलावात मला माशांना भुलवायची एक लाकडी मासळी मिळाली, पोटाखाली तीन काट्यांचा गळ असलेली. ती मी माझ्या जाड, ताठ काठीला मेण लावलेल्या कडक दोरीने बांधली आणि कन्हान नदीच्या डोहात फेकू लागलो. मरळ मासा ती तोंडात धरायचा, मी हिसका द्यायचो, मरळ सुटायची. मित्र दादाजी मान खाली घालून हसे. त्याची विधवा बहीण जयवंताबाई उघड हसल्या.

"एवढी ताठ काठी काहून घेतली जी? एकेरी गळाले हिसका लागते. याचे तीन काटे आपोआप रुतते. तुम्ही तं माशाचा जबडा फाडून राहिले."

त्यांनी स्वतःची काठी माझ्या हाती दिली. मधोमध वाकणारा बारीक बांबू. दोर कोशाच्या रेशमाचा, त्यांनीच पीळ दिलेला, ताणला की किंचित लांबणारा. मरळ लागली. काठीचे टोक पाण्याला टेकले. मी सवयीने हिसका देणार, तोच त्यांनी माझे मनगट धरले.

"राहू द्या. काठीले तिचं काम करू द्या."

मासा आला. मनगट मी सोडवून घेतले नाही. परतताना म्हणालो, "आमच्या घरी ही काठी ठेवाले जागा आहे."

"काठी एकटी येत नाही," त्या म्हणाल्या.

हा मजकूर उतरवून घेणारे अर्जनवीस मनोहरराव म्हणतात, एवढे मृत्युपत्रात लागत नाही. मला लागते.

कलम दुसरे. कळमेश्वरचे शेत चंपतरावाचेच. माझी ताठ काठी, कडक दोरी व एकेरी गळही त्यालाच. एकेरी गळाला ती काठी चांगली आहे. मला म्हातारचळ लागला म्हणाला, ते माफ. जयवंताबाईंना जे म्हणाला, ते त्यांच्यासमोर येऊन परत घ्यावे, मगच शेताचा ताबा घ्यावा.

कलम तिसरे. लाकडी मासळी कोणालाही देत नाही. ती मी अजून बरीच वर्षे वापरणार आहे.

मजकूर वाचून दाखवला, तेव्हा जयवंताबाई साक्षीची सही करायला पुढे आल्या. मनोहररावांनी समजावले, ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये.

"मंग घर राहू द्या," त्या म्हणाल्या. "माही सही घ्या."

मनोहररावांनी दौत उचलून बाजूला ठेवली. कलम पहिले कायम आहे. खालील सहीची अक्षरे वाकडी आली असतील, तर तो वयाचा दोष नव्हे. जयवंताबाई शेजारी बसून हसत आहेत.

सही: शालिकराम कवडूजी निनावे
साक्षीदार: दादाजी पराते, नत्थूजी हेडाऊ
लिहिणार: मनोहरराव, अर्जनवीस
मुक्काम नागपूर, ११ फेब्रुवारी १९३६