पंचवीस पावलांवरचा चेहरा

११ जानेवारी १९६२, गुरुवार

सहाच्या सहा वाया! पुण्याहून रोल धुऊन आला. दादाचा काळा कुत्रा बांध ओलांडून रोज माझ्याकडे भाकरीला येतो, त्याचे फोटो. जवळ जावं तर पठ्ठ्या भिंगालाच नाक लावतो. नाक भोपळ्याएवढं, मागे कुत्रा असा नाहीच. लांबून काढावा तर अंगणात पडलेली चिंधी.

दोन दादाचेही आहेत. माझ्या खिडकीतून काढलेले, चोरून. त्याच्या ओट्यापर्यंत अंदाजे पंचवीस पावलं होतील. तेवढ्यात माझा थोरला भाऊ गव्हाच्या दाण्याएवढा झाला.

स्वयंपाकाला येणाऱ्या गोजराबाईने फोटो उलटासुलटा करून पाहिला. "मास्तर, ह्ये हैबतराव हायेत का शेतातलं बुजगावनं?"

दुसरं भिंग बघायला हवं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ पुडीत बांधून बांधापर्यंत गेलो. परत आलो. कुत्र्याला घातला.

१५ जानेवारी

लिहूनच टाकावं एकदा.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. वहिनीनेच वाढवलं. जात्यापाशी बसून मी कविता घोकायचो. चाल विसरलो की ती जातं थांबवून वाट बघायची. अक्षरओळख नव्हती तिला, पण यती चुकला की बरोबर मान हलवायची.

एकोणीस वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली. मी तेव्हा सोलापूरला शाळेत मास्तर. दादाचा निरोप आला — तिचा एकतरी फोटू असावा, पुण्याचा फोटोवाला घिऊन ये. शाळेत काव्यगायनाची स्पर्धा होती, माझी मुलं पहिली येणार होती. या रविवारी नाही, पुढच्या रविवारी येतो, असं कळवलं. मधल्या शुक्रवारी ती गेली.

मुलं पहिली आली.

दादा एवढंच म्हणाला, "तुला समदं पाठ हुतं न्हवं? आता तिचं त्वांड बी पाठ ठेव." त्यानंतर बोलला नाही. आणि मला तिचा चेहरा पाठ नाही! नथ आठवते, कपाळ आठवतं, सगळं मिळून ती होत नाही.

दिवाळीत पेन्शनीत निघून गावी आलो. दादा दुपारभर ओट्यावर, तोंड माझ्या घराकडे. दोनदा अंगणातून हात जोडले. दगड! तिचा फोटो राहिला तो राहिला, याचा तरी राहू नये. सत्तरी उलटली त्याची.

२२ जानेवारी

पौडहून पहिल्या एस.टी.ने पुण्यात. जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान सापडलं. भिंतीवर गेल्या पावसाळ्यातल्या पुराची रेघ अजून तशीच, माणसाच्या डोक्याच्या वर.

दुकानदार म्हातारा, बोलका. "माणसांचे काढायचेत की जनावरांचे?"

"दोन्ही."

त्याने दोन भिंगं फडक्यावर मांडली. "ही लेन्स पंचाऐंशी मिलिमीटरची. चेहऱ्याला हिच्यासारखी नाही. माणसाला सहा-सात फुटांवर बसवा, दोन शब्द बोला, हसला की दाबा. ही एकशे पस्तीसची, लांबचं जवळ आणते. बुजऱ्या कुत्र्यामांजरांना बरी. पुरातून निघाली आहे, आत जरा डाग आहे, पण फोटोत येत नाही. तुमचं माणूस किती लांब बसणार?"

"पंचवीस पावलं."

"पंचवीस! वाघबिघ आहे का हो?"

"भाऊ आहे."

तो हसायचा थांबला. "मग मास्तर, पंचाऐंशीच घ्या. जवळ जावं लागतं, हाच तिचा गुण."

मला पटलं. अगदी पटलं. आणि एकशे पस्तीसची घेऊन आलो.

२ फेब्रुवारी

परवा अष्टग्रही, आठ ग्रह एका राशीत. जग बुडणार म्हणतात. गोजराबाई म्हणाली, "बुडनारच हाय तर भाकऱ्या कशाला थापू?" — तरी तीन थापल्या.

खिडकीच्या पडद्याआड कॅमेरा धरून उभा होतो, तेवढ्यात ती मागून आली. "लपताय कशाला? त्यास्नी काय दिसतंय!"

खरंच आहे. दादाच्या लेखी मी या गावात नाहीच. तिलाही कळतं ते.

५ फेब्रुवारी

जग बुडालं नाही. रोल संपला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

फोटो आले. मोठे करून घेतलेत.

कुत्र्याची मिशी न् मिशी मोजून घ्यावी! आणि दादा — कपाळावरच्या आठ्या, पांढरे खुंट, कुत्र्याच्या डोक्यावर ठेवलेला हात. डोळे बारीक केलेले, उन्हाने असतील. पण बघतो आहे थेट माझ्याकडे! एका नाही, पाचही फोटोंत. आणि चेहऱ्यावर राग नाही. पुनःपुन्हा पाहिलं. नाहीच. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा आहे तो.

मी पडद्याआड लपलेला, आणि हा उघड्यावर बसून रोज माझ्याकडे बघत होता! पंचवीस पावलं त्याने का चालावीत? थोरला तो. धाकट्याने जायचं असतं. तीन महिने घालवले मी. छे, एकोणीस वर्षं.

उद्या जायचं. यातला सर्वांत चांगला फोटो त्याच्या हातात द्यायचा. आधी पाया पडायचं.

१८ फेब्रुवारी

गेलो. दादाला दोन वर्षांपासून दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी. त्याची सून सखू म्हणाली, "तुमास्नी ठावं न्हवतं व्हय, धाकलं मामंजी? आमाला वाटलं, ठावं आसंल."

माझा आवाज ऐकून दादाने हात पुढे केला. मी फोटोच ठेवला हातात. त्याने अंगठा फिरवला, कडा चाचपल्या.

"फोटू हाय?"

"होय, दादा."

त्याने अंगठा पुन्हा फोटोभर फिरवला. मग हळूच — "तिचा? घावला व्हय कुटं शेवटी?"

मी "व्हय" म्हणालो.