मानेवरचा झोत

हमद टाउन, बहरीन
ऑगस्ट

तीर्थरूप अप्पांना इरावतीचा साष्टांग नमस्कार, आणि आज्ञाभंगाबद्दल आधीच क्षमा.

खांदा बरा आहे. म्हणजे वेणी घालता येते. दोरीवर कपडे टाकताना तेवढा ओरडतो. "नोकरी सोड आणि उपचाराला घरी ये," ही तुमची, म्हणजे आमच्या घरच्या वैद्यबुवांची, आज्ञा मात्र मी मोडते आहे.

इथल्या अदलिया भागात एका चिनी वैद्यबाईंना दाखवलं. रागावू नका, नाडी त्यांनीही तुमच्यासारखीच डोळे मिटून पाहिली. त्यांच्या शास्त्रात वारा, थंडी, उष्मा, ओल, कोरड आणि आग असे सहा शत्रू बाहेरून शरीरात शिरतात. आपले षड्रिपू घरातलेच, त्यांचे परके. तुम्ही जन्मभर माझ्या प्रकृतीला आणि रागाला दोष दिलात. बाईंनी एवढंच विचारलं, "ऑफिसात एसी कुठे आहे?" बरोब्बर मानेवर! घामानं निथळत आत शिरायचं आणि दिवसभर त्या गार झोताखाली बसायचं.

ऑफिसातल्या गनीभाईंनी, आपले रत्नागिरीचे, झोतासमोर पुठ्ठा ठोकला. "ताई, खलास! आता वारा साहेबांकडं."

साहेब म्हणाले, "पुठ्ठा काढा. झेपत नसेल तर इंडियाला परत जा." अप्पा, तुमचंच वाक्य! मी म्हटलं, पुठ्ठाही राहील आणि मीही. दोघंही अजून आहोत.

तुमची मान आखडल्याचं आई फोनवर म्हणाली. खाट पंख्याखालून हलवलीत का? की तिथंही प्रकृतीच दोषी?

आईला नमस्कार.

तुमची न ऐकणारी लेक,
इरावती