आकारामच्या ओट्यावरच्या गोळ्या

इस्लामपूर
१२ जून २०२४

चि. प्रांजल,
तुला काका-काकीचे पोटभर आशीर्वाद. तोफखान्यातल्या नोकरीत कान गेले, फोनवर नुसतं घुंई घुंई ऐकू येतं, म्हणून कागद घेतला. आमी हितं बरं हाय. खोकला थांबला, अंग बी भरलंय. सूनबाई दीपमाला बाळाला घेऊन लोणंदच्या माहेरातनं पुढच्या महिन्यात यायची हाय. नातवाला अजून फोनवरच बघितलंय. पहिल्यांदा मांडीवर मीच घेणार, असं काकीला बजावून ठेवलंय.

एक गोष्ट तुलाच सांगतो. क्षयाच्या गोळ्यांना मी सुट्टी दिलीय. लय मळमळायचं, अन्न नको व्हायचं. आता बरा झालो, मग पोटाला जाच कशाला? काकीला बोलू नको, ती वस्तीभर बोंब करंल. तू साताऱ्याच्या लॅबात हेच जंतू रोज बघतीस, म्हणून विचारतो. मेलं नव्हं आता समदं?

लोभ हाय तसाच ऱ्हाऊ दे.
तुझा काका, नानासो


सातारा
१८ जून २०२४

ती. नानासो काकांना प्रांजलचा वाकून नमस्कार.
पत्र वाचलं आणि आधी काकीला फोन केला. रागवायचं तर रागवा.

जंतू बरेच मेले असतील, सगळे नाहीत. जंतूचा सगळा वारसा डीएनएच्या एका गोल दोऱ्यात असतो, दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले. एकाचे दोन व्हायच्या आधी त्याला त्या दोऱ्याची नक्कल करावी लागते. एका ठरावीक जागी पदर सुटतात, तिथून नक्कल दोन्ही बाजूंनी सरकत जाते आणि समोरच्या बाजूला भेटते. प्रत्येक जुन्या पदराला जोडीचा नवा पदर मिळतो. पण कासऱ्याचे पदर मधेच फाकवले की पुढचा पीळ कसा घट्ट होतो, तसंच इथंही होतं. तो पीळ सोडवायला जंतूकडे एक प्रथिन आहे. ते दोरा तोडतं, पीळ काढतं, पुन्हा सांधतं. तुमच्या गोळ्यांपैकी एक त्याला नेमकं तोडल्यावर धरून ठेवते. दोरा तुटलेलाच राहतो आणि जंतू मरतो.

पण हा जंतू फार संथ. दुसरे अर्ध्या तासात दुप्पट होतात, ह्याला जवळपास दिवस लागतो. काही तर नुसते पडून असतात. म्हणून औषध इतकं लांबतं. काका, तुम्ही थांबलात, त्यांची नक्कल थांबलेली नाही. दवाखान्यात जा, थुंकी तपासायला द्या. तोवर बाळाला आणू नका, पाया पडते.

माया कमी करू नका.
तुमची प्रांजल


इस्लामपूर
२७ जून २०२४

चि. प्रांजल,
आशीर्वाद हायतच, पण तू फितूर निघालीस. डॉक्टरनी गोळ्या परत चालू केल्या. गिळंपर्यंत काकी हालत न्हाई, वर तोंड उघडून दाखवायला लावती. थुंकी दिली.

दीपमालेला थांब म्हणून कळवलं. फोन काकीनं केला. सुनेनं कारण विचारलं तवा काकीनं फोन माझ्याम्होरं धरला. मग मीच ओरडून सांगितलं, की मी गोळ्या सोडल्या व्हत्या. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं न्हाई. काकीनं बी सांगितलं न्हाई.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एवढी नक्कल करताना त्यो जंतू चुकत न्हाई व्हय? चुकला तर मरंल, आपलं बरंच की.

उत्तर धाड.
नानासो


सातारा
१४ सप्टेंबर २०२४

ती. काकांना सा. न.
निकाल आला. तुमच्या थुंकीतले जंतू लॅबात वाढले, आणि मागे लिहिलेली ती गोळी आता त्यांच्यावर चालत नाही. असे निकाल मी रोज लिहिते. ह्या वेळी नाव तुमचं होतं, तेव्हा आमच्या लॅबच्या मॅडमना म्हटलं, तुम्ही सही करा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आहे. जंतू चुकतो, पण क्वचित. नक्कल करणारी यंत्रणा आपल्या बहुतेक चुका खोडते. राहिलेल्या चुकीनं बहुधा काही बिघडत नाही, नाहीतर जंतूचंच नुकसान होतं. पण एखाद्यात चूक नेमकी पीळ सोडवणाऱ्या प्रथिनात होते, आणि गोळीला धरायला जागा उरत नाही. जंतू हे ठरवून करत नाही. गोळ्या अधूनमधून पोटात पडल्या की बाकीचे मरतात आणि त्या एकाला मोकळं रान मिळतं. तुमच्या खंडामुळेच झालं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नाही असंही म्हणवत नाही.

नवीन औषधं मिळतील. त्रास होईल. ह्या वेळी मळमळलं तर डॉक्टरांना सांगा, गोळ्या सोडू नका. काकीची तपासणी मात्र चांगली आली आहे.

तुमच्यावर रागावलेली, पण तुमचीच,
प्रांजल


इस्लामपूर
२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रांजल, उदंड आशीर्वाद.
नव्या गोळ्यांनी अंग काळं पडलंय, तळपायाची आग हुती. डॉक्टरना सांगितलं, त्यांनी मात्रा बदलली. पलीकडच्या वस्तीवरच्या आकारामला बी हाच रोग निघालाय. मेंढरामागं फिरायचं तर गोळ्या कशा जमायच्या, म्हणत व्हता. आता रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जातो, लांब बसतो. त्यो त्याच्या गिळतो, मी माझ्या. पहिल्यांदा शिव्या घातल्या गड्यानं. आता वाट बघतो.

परवा दीपमाला आली व्हती. मी फाटकाच्या आत, तोंडाला मास्क. ती रस्त्याच्या पलीकडं. तिनं बाळाला उचलून धरलं. नाक आपल्याच घरातलं हाय. पर डाव्या कानाची पाळी दुमडलीय, तसली ना आमच्यात कुणाची, ना तिच्या माहेरात; तुझ्या पत्रातली नक्कलंची चूक म्हणायची ही. मी लय वेळ बघत उभा व्हतो. तिचे हात भरून आले. काकीनं हातानं खुणावलं, बास म्हणून. तरी सुनेनं त्याला खाली घेतलं न्हाई.

तुझा काका, नानासो