उतरवलेल्या तारा

मंगळवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

“तीस इंची बास गिटार म्हणजे खेळणं. वाजवायचा तर चौतीस इंची, नाहीतर बसून टाळ्या वाजव,” असं तू मला म्हणाली होतीस. मी शाळेत होते आणि माझी करंगळी गिटारच्या मानेवर चौथ्या पट्टीपर्यंत काही केल्या पोचत नव्हती. मी मुकाट्याने टाळ्या वाजवल्या. वाजवायचं सोडून दुरुस्तीकडे कशी वळलात, असं कोणी विचारलं की मी अजून हेच वाक्य सांगते. लोक हसतात. मीही हसते.

आम्ही ठीक आहोत. दुकानाचं छप्पर गळायचं थांबलंय, मांजर मात्र अजून बादलीच्या जागेवरच बसतं. तू कशी आहेस हे विचारत नाही. तू ‘छान’ एवढंच लिहिणार.

तर कामाचं. भाऊजी तुझा बास देऊन गेले. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, “खरा आहे का बघ, दाखला तयार कर आणि विकून टाक. कंटाळा आला.” बघितला. खरा आहे. त्या कारखान्याने या शेवाळी रंगात साठच बास काढले आणि पुन्हा कधी काढले नाहीत, त्यामुळे साध्या बासला रंग फासून विकणारे पुष्कळ. म्हणून रंगावर मी जात नाही. स्क्रू काढून मान धडापासून वेगळी केली. मानेच्या बुडाला नंबर ठोकलेला आहे, आणि धडाच्या खाचेत, जिथे एरवी कुणाची नजर जात नाही, तिथे कारखान्यातल्या जोडणाऱ्याने पेन्सिलने आपल्या खुणेचा एक छोटा मासा काढलाय. मग तारेची लांबी. मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या हाडापासून बाराव्या पट्टीपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं; खालच्या घोडीपर्यंत मोजलं तर फसायला होतं, कारण घोडी मागेपुढे सरकते. सतरा इंच भरले. म्हणजे चौतीस.

गिऱ्हाईकही आहे. दातांचे डॉक्टर आहेत, असे बास जमवतात. माणूस चांगला आहे. परवा आले आणि बोटाने धडावर टकटक करून बघायला लागले. मी म्हटलं, “दुखतंय का, विचारू नका त्याला.” ते खूप हसले. जाताना म्हणाले, “दाखल्यावर सही तेवढी राहिली ना?”

“होईल.”

“मॅडम, ‘होईल’ हे आम्ही पेशंटला सांगतो.”

सही अजून केलेली नाही, ताई.

मान काढायच्या आधी मी तारा तपासल्या होत्या. सैल होत्या. वाटलं, प्रवासात मानेवर ताण नको म्हणून तू उतरवल्या असशील. सवयीने छेडून बघितल्या, तर चारही तारा एकेक पूर्ण सूर खाली, आणि आपसात अगदी जुळलेल्या. पेटीत भरण्यासाठी तारा सोडणारा माणूस त्या परत जुळवत बसत नाही. म्हणजे तू तशाच वाजवत होतीस. आणि मानेच्या कडेला पहिल्या तीन पट्ट्यांजवळ पांढऱ्या चिकटपट्टीचे ठिपके होते, बोट कुठे ठेवायचं ते कळावं म्हणून आपण नवशिक्या पोरांना लावून देतो तसे. तुला? डोळे मिटून वाजवणारीला?

मी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, “तिने सांगू नका म्हटलंय.”

“मग सांगू नका. मी विचारते, तुम्ही नुसतं हं म्हणा. डावा हात?”

“हं.”

“सर्दी झालीय, येऊ नकोस, असं तिने मला कळवलं होतं, तेव्हापासून?”

“हं.”

“अर्धांगाचा झटका?”

ते म्हणाले, “सौम्य होता. चालते-फिरते. बोलताना थोडी अडखळते, म्हणून फोन घेत नाही.” आणि मग मी न विचारताच, “खोलीचं दार लावून वाजवायची. मी टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचो, मला ऐकू येत नाहीये असं तिला वाटावं म्हणून.”

त्यांना रागावू नकोस. माझ्यावर रागाव, मी फितवलं त्यांना.

आता मला जे खरं सांगायचंय ते. दुकानात महिनाभरापासून तशाच शेवाळी रंगाचा एक बास पडून होता. मोजला तर बाराव्या पट्टीपर्यंत पंधरा, म्हणजे तीस इंची. साठच्या साठ चौतीस इंची होते असंच सगळीकडे लिहिलेलं आहे, म्हणून त्याच्या मालकाने तो नकली समजून मला विकला आणि मीही नकलीच समजून विकत घेतला. तुझा उघडल्यावर काय वाटलं कोण जाणे, त्याचीही मान काढली. खाचेत तोच मासा. शेपटीला तोच हिसका. म्हणजे साठातले काही आखूड होते, आणि त्यांना कोणी ओळखलंच नाही.

मी त्याला तारा चढवल्या. पहिल्या ते चौथ्या पट्टीपर्यंत बोटांचं अर्ध्या इंचाहून अधिक ताणणं वाचतं. आणि तू तारा जेवढ्या सैल केल्या होत्यास, दाबायला जवळपास तेवढ्याच मऊ या बासवर त्या आपोआप लागतात, सूर मात्र जागच्या जागी राहतात. तुझं मत मला ठाऊक आहे. पण कंटाळलेलं माणूस ठिपके चिकटवत नाही गं.

डॉक्टरांना मी थांबायला सांगितलंय. चौतीस इंची तुझा आहे, तो विकायचा की नाही हे तूच ठरव. विक म्हणालीस तर सही करीन, कुरकुर करणार नाही. पण आधी रविवारी मला तीस इंची घेऊन तुझ्याकडे येऊ दे. वाजव म्हणणार नाही. मांडीवर ठेवलास तरी पुरे, नाही ठेवलास तरी मी चहा पिऊन जाईन.

आणि आणखी एक, ज्याला तू नाहीच म्हणशील. भाऊजींना पुढे पाठवू नकोस. दार तू उघड, डाव्या हाताने. कडी सरकायला वेळ लागला तर लागू दे, मी बाहेर उभी राहीन.

तुझ्या दारात येऊ बघणारी,
धाकटी