माइक काढायचा नाही

प्रिय शुंजी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला टाकशील, अशी धास्ती आहे. टाकू नकोस. बाबा चालतात, जेवतात, उजव्या हातात जेवायच्या काड्या धरवत नाहीत म्हणून चमचा घ्यावा लागतो आणि त्या चमच्यावर रोज चिडतात. पक्षाघाताच्या झटक्याने खरं नेलं ते बोलणं. आपण सांगितलेलं सगळं कळतं, पण शब्द आतून ओठांपर्यंत पोचत नाही. गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या दारात बसून अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस आता पाणी हवं असलं तर पेल्याकडे बघत बसतो. फोनवर हे मी तुला सांगितलं होतं. तू "बरं" म्हणालास आणि ठेवून दिलास.

माझ्या कामाला तू पोरांची खेळणी म्हणायचास. या वर्षी आम्ही जे खेळणं केलं ते बाबांसारख्या माणसांसाठी होतं. हातात मावणारं, दोन पडद्यांचं यंत्र तू पाहिलं असशीलच, तिकडे कुशिरोतही पोरं त्यातच डोकं घालून बसलेली असणार. त्यात चित्र दिसतं, माणसाने त्याचं नाव उच्चारायचं, बरोबर आलं की चित्र उडी मारतं. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या खेळाचं उत्तर उशिरा यायचं. बोलणाऱ्याला वाटायचं, आपलंच चुकलं, आणि तो गप्प व्हायचा. इस्पितळाच्या वॉर्डात वाचा शिकवणाऱ्या हिराओकाबाई मला म्हणाल्या, "तोमोए, या माणसांना आधीच लाज वाटत असते. तुझं यंत्र विचार करत बसलं की ती तोंड मिटतात."

या यंत्रात दोन प्रोसेसर असतात. मोठा चित्रं आणि खेळ सांभाळतो. छोट्याकडे माइक, आवाज, बोटाचा स्पर्श असली किरकोळ कामं. छोटा मिळालेला आवाज जसाच्या तसा मोठ्याकडे ढकलायचा आणि बराच वेळ रिकामा बसायचा. मोठा आधीच चित्रांत गुंतलेला, त्यात हा ढीग. मी म्हटलं, आवाज येतानाच छोट्याने तो चाळावा. खोकला कुठला, पंख्याची घरघर कुठली, बोलणं कुठलं ते बघावं आणि मोठ्याला फक्त सार द्यावं. माझ्या शेजारी बसणारा कुरोदा मान हलवत राहिला. "चपराशाला हिशेब लिहायला बसवतेस," म्हणाला. पण खुर्ची ओढून बसला तोच.

आमचे साहेब निशिवाकी यांना कारखान्याची तारीख पाळायची होती. एकदा खेळ विक्रीच्या चिपवर चढला की मग त्यात काडीचा बदल करता येत नाही. ते म्हणत होते, "माइक काढून टाका. बोटाने चित्र निवडलं की झालं." बोटाने बाबा सगळं निवडतात, शुंजी. बोटाचा प्रश्नच नव्हता. पण जिथे चाचणी व्हायची त्याच वॉर्डात माझे वडील येतात हे मी साहेबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी घरच्यासाठी हट्ट करते आहे असं झालं असतं, आणि ते खरंच होतं.

पहिल्या चाचणीला साहेब स्वतः आले. वॉर्डातल्या उमेनो आजींना चहाचं चित्र दाखवलं. त्यांनी डोळे मिटून, सगळा जीव एकवटून "च… हा" म्हटलं, आणि यंत्र गोठलं. पडदा थिजला, आवाज बंद. आजींना वाटलं, आपणच मोडलं. त्या वाकून वाकून क्षमा मागायला लागल्या, तीही शब्दांवाचून. साहेब बाहेर मला म्हणाले, "शुक्रवारी परत बघतो. तेव्हाही असंच झालं तर माइक जाईल, आणि तू वाद घालायचा नाहीस."

दोष सापडेपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. मोठा एक आवाज वाचत असतानाच छोटा त्याच जागेवर नवा आवाज टाकत होता, आणि मग दोघांचाही ताळमेळ सुटत होता. आम्ही दोन जागा केल्या. मोठा एकीतून वाचेल तोवर छोट्याने दुसरीत भरायचं. कुरोदा यंत्रासमोर बसून बडबडला, खोकला, गायलासुद्धा. गोठलं नाही. पण इस्पितळात काय होईल याची खात्री आम्हा दोघांनाही नव्हती.

शुक्रवारी उमेनो आजी यंत्राला हात लावेनात. दुसरं कोणी पुढे येईना. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. तेव्हा बाबांनी डावा हात पुढे केला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. चेहऱ्यावरून साहेबांनी ओळखलं असतं. माशाचं चित्र होतं. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग "मा…" आणि पुन्हा काही नाही. "…सा." त्याच क्षणी मासा उडाला. बाबा दचकले, मग यंत्राला दटावल्यासारखं "मासा" म्हणाले, सलग. साहेब जाताना माझ्यापाशी थांबले. "नाक अगदी सारखं आहे," एवढंच बोलले. माइक राहिला.

एवढी बातमी देण्यासाठी मी लिहिलं नसतं. परवा संध्याकाळी मी भात लावत होते आणि खोलीतून, बाबांना सरावासाठी घरी आणलेल्या यंत्राचं "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा" सारखं ऐकू येत होतं. वाटलं, बिघडलं. जाऊन बघते तर पडद्यावर सायकल, आणि बाबा तिच्याकडे बघतही नव्हते. यंत्र तोंडाजवळ धरून म्हणत होते, "शुन… शुन…" तू गेल्यावर त्यांनी आम्हाला तुझं नाव घ्यायची बंदी केली होती, ती आम्ही अजून पाळत होतो. यंत्र दरवेळी पुन्हा म्हणा म्हणायचं आणि ते दरवेळी म्हणायचे. कुरोदाला हे सांगितलं तर तो म्हणाला, चाचणीच्या यंत्रात हा शब्द भरायला किती वेळ लागतो, भरून देतो. मी नको म्हटलं. त्या नावाला ओ यंत्राने द्यायची नाही. येत्या रविवारी दुपारी मी तुला फोन लावून त्यांच्या कानाशी धरणार आहे. सुरुवातीला काहीच ऐकू येणार नाही, नुसता श्वास येईल. ठेवू नकोस.

तुझीच ताई,
तोमोए