शहाणी भाची

अमरावती,
३ मे २०२६

प्रिय शकुनमावशी,

तुला नमस्कार, काकांना नमस्कार आणि गार्गीच्या दोन्ही गालांना दोन पापे.

पत्र पाहून म्हणशील, "काय वं, फोन मेला काय तुहा?" फोन जिवंत आहे. पण तू तो स्पीकरवर टाकून पोळ्या लाटत बसतेस, अन् माझं बोलणं काकांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना फुकटात ऐकू जातं. म्हणून हे देवीदासभाऊंच्या हाती पाठवते. तुमच्या गल्लीतला माणूस इकडच्या गाडीवर कंडक्टर आहे, त्याचा एवढा तरी फायदा घ्यावा म्हटलं.

माझं बरं चाललंय. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासते. ऊन असं की दुपारी दुकानात कुत्रंही येत नाही. नगमा माझ्यावर फुगून आहे. खोली दोघींची, आणि मी कूलर घेऊ देत नाही. "पैंतालीस डिग्री में तू पागल है क्या?" म्हणते. मी खिडकीला ओला टॉवेल बांधते आणि पंख्याखाली पडते. मला कूलरचा आवाज सहन होत नाही, दुसरं काही नाही.

बरं, आई सांगत होती, वामनमामा गार्गीला धोंड्याच्या महिन्यात अकोल्याला नेणार. वाण देणार, नवा फ्रॉक घेणार, महिनाभर ठेवून घेणार. मावशी, त्यापेक्षा तिला माझ्याकडं पाठव ना. मी सुट्टी टाकते. एक दिवस चिखलदऱ्याला नेते. नगमाला लेकरांचं भारी वेड आहे. मामाच्या त्या जुन्या शहरातल्या गल्लीत खेळायला जागा तरी कुठं आहे? शिवाय मामींचे गुडघे दुखतात, त्यांच्यावर कशाला अजून एक काम.

मामी अजून दुपारी भजनाला जातात का? सहज विचारते.

गार्गी आता नऊची झाली ना? मीही तेव्हा नऊचीच होते. असो. तुझ्या हातच्या, काडीवर वळलेल्या सरगुंड्यांची आठवण येते. आंब्याचा रस झाला की मला सोडून खाऊ नका.

गार्गीला पाठवतेस ना? मामांना काही तरी सांग. तिला उन्हाळी लागली म्हण, परीक्षा आहे म्हण, काहीही म्हण.

तुझीच,
रागिणी


अमरावती बसस्टँड,
१८ मे, सकाळ

मावशी,

काल घरच्या ग्रुपवर फोटो पाहिला. गार्गी पाटावर उभी, हातात नवा फ्रॉक, आणि वामनमामा वाकून तिच्या पायाला हात लावतोय. आपल्याकडं मामानं भाचीच्या पाया पडायचंच असतं, म्हणून सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. मामाच्या श्यामदादानं लिहिलं, "भाच्यांवर जीव असावा तर असा." म्हणजे तू तिला अकोल्याला सोडून परतसुद्धा आलीस.

कालपासून किती वेळा तुला फोन लावला. तू म्हणालीस, "बोल वं, काय झालं?" मागं टीव्ही, काकांचं खोकणं. मी म्हणाले, गार्गीला घेऊन ये. तू म्हणालीस, "काहून?" आणि मी फोन ठेवून दिला. मग सकाळी मीच अकोल्याला निघाले. गाडी समोर उभी, आणि माझ्यानं पायरीवर पाय टाकवेना. त्या घराचं दार डोळ्यांपुढं येत होतं. दोन गाड्या गेल्या. आता बाकावर बसून लिहिते आहे. देवीदासभाऊ चहा प्यायला गेलेत, ते येईपर्यंत हे लिहून झालं पाहिजे.

मावशी, वामनमामानं माझ्याशी घाणेरडं केलंय.

मी नऊ वर्षांची होते. उन्हाळ्याची सुट्टी, तेच घर. मामी कूलरमध्ये पाणी भरून भजनाला जायच्या. मग तो दार लावायचा. म्हणायचा, हवा बाहेर जाते. तो कूलर एवढा घरघरायचा की गल्लीत काहीच ऐकू जात नसे. एकदा नाही झालं हे. ती सुट्टी आणि त्याच्या पुढची सुट्टी. संध्याकाळी मला बर्फाचा गोळा घेऊन द्यायचा आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडायचा.

मी आईला सांगितलं होतं.  तिनं भर दुपारी मला न्हाणीत नेलं आणि डोक्यावरून पाणी ओतून घासून घासून आंघोळ घातली. म्हणाली, "झालं. आता तोंडातून काढजो नोको. तुह्यासंग लगन कोन करीन?" त्या दिवशी तिनं माझ्यासाठी शेवया केल्या. त्यानंतर आम्ही दोघी त्यावर कधीच बोललो नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिनं मला पुन्हा तिथं पाठवलं, कारण न पाठवावं तर लोक विचारतील. मला आईचा फार राग येतो, मावशी. आणि तिची दयाही येते. दोन्ही एकदमच.

तुला आठवतं का, कुणाच्या लग्नात, बारशात मामा पाया पडायला वाकला की मी पाय ओढून घ्यायचे? तुम्ही सगळे हसायचात. "भारी लाजरी पोट्टी हाय." तूही हसायचीस. मी लाजत नव्हते.

तो तुझा भाऊ आहे. आजोबा गेल्यावर त्यानंच तुला शिकवलं, तुझं लग्न लावून दिलं, हे मला माहीत आहे. तुला पटणार नाही कदाचित. मला खोटारडी म्हण, वेडी म्हण, पुन्हा दारात उभी करू नकोस. ते सगळं नंतर. आधी गार्गीला घरी आण. आज आण. दुपारच्या आत जमलं तर दुपारच्या आत.

देवीदासभाऊ आले.

रागिणी


बाळापूर,
१९ मे

चि. रागिणीले शकुनमावशीचा लय लय आशीर्वाद.

माह्यं अक्षर तुले लागन का नाही, माहीत नाही.  तरी लिवतो.

तुहं पत्र काल भेटलं तवा मी कणीक मळून राहिली होती. उभ्यानंच वाचलं. पयले तुह्यावरच राग आला, खरं सांगतो. म्हटलं, ही पोट्टी काय बोलून राहिली माह्या भावाबद्दल! मंग ते पाय ओढाचं वाचलं. अन् मले दिसलं वं तुहं तोंड, प्रणालीच्या लग्नातलं. तशीच कणकीच्या हातानं पर्स घेतली अन् अकोल्याच्या गाडीत बसली. तुह्या काकाले रस्त्यातून फोन केला.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार लावलेलं होतं. आतून कूलरचा आवाज येत होता. मी किती वेळ दार ठोकलं, त्याचा मले अंदाज नाही. वामनदादानं उघडलं. हसला. म्हणे, "अवं शकुन, अचानक? तुही वहिनी भजनाले गेली." गार्गी पलंगाच्या कोपऱ्यावर बसून होती. घरात, अन् पायात चपला घालून. मले पाहून धावत नाही आली. नुसती उभी राहिली.

मी म्हटलं, पोरीले घेऊन जातो. त्यानं काहून म्हणून नाही विचारलं, रागिणी. एकदाही नाही. निंगताना रीत म्हणून तिच्या पायाले हात लावाले वाकला. गार्गीनं टुणकन पाय ओढून घेतले अन् माह्या मागं लपली. त्या घरात हसाले कोणी नव्हतं. मी त्याच्याकडं पाह्यलं. तो खाली पाहून म्हणे, "लाजते पोरगी."

ऑटोत बसलो.  मोर्णा नदीचा पूल गेल्यावर पोरगी म्हणे, "आई, रागिणीताईनं सांगितलं काय?" मी म्हटलं, हाव. तुले कसं समजलं? तर म्हणे, "मामा म्हणे, रागिणीताईले पाह्य. केवढी शहाणी भाची हाय. एवढी मोठी झाली, पण अजूनपर्यंत कोणाले नाही सांगितलं. तूही तशीच शहाणी होजो."

बाई वं. मी ऑटो थांबवला अन् पोरीले पोटाशी धरलं.

घरी आल्यावर मी तिले आंघोळ नाही घातली. मांडीवर घेऊन बसली. ती सांगत गेली अन् मी ऐकत गेली, मधात बोलली नाही. एकच दिवस झाला होता तिले तठी. तेवढ्यात जे झालं ते झालं.  तुहे काका म्हणे, नाव जाईन. मी म्हटलं, जाऊ द्या. मंग उठून त्यायनं शर्ट घातला, म्हणे, चाल ठाण्यात.

संध्याकाळी साध्या साडीतली एक पोलीसबाई घरी आली. गार्गीनं तिलेही सांगितलं. डाक्टरीनबाईनं तपासलं. आशाताईचा, तुह्या आईचा, फोन आला, घरातलं घरात ठेव म्हणे. मी म्हटलं, ठेवलंच तर होतं एवढी वर्षं. तवापासून वामनदादाचे फोन येऊनच राहिले. श्याम येऊन गेला, आवाज चढवून गेला. आज गल्लीत कोणी माह्याशी बोललं नाही. रात्री दाराले आडवी पहार लावून झोपलो. अजून काय काय होइन, माहीत नाही. मले भेव वाटते, पण मागं फिराचं नाही.

पोलीसबाई विचारत होती, अजून कोणासंग झालं काय. मी तुहं नाव नाही घेतलं. ते तुहं हाय. घ्यायचं असन तर तू घेजो, नसन घ्यायचं तरी माही पोट्टी तूच.

तू चूप राहिली त्यात तुही चूक नव्हती. लेकरू होती तू. आमी हसलो ते मात्र मी मरेपर्यंत नाही विसरणार.

खाली गार्गीनं तिच्या हातानं काही लिवलं हाय. मी वाचलं नाही.

तुही वाट पाहणारी,
शकुन

ताई, मी शहाणी नाही झाली. मी सांगून टाकलं. तू पण ये. — गार्गी