वायसर कारखान्याचा सत्ताविसावा सीझन

२९ ऑगस्ट, शुक्रवार. एमआयडीसीची सुट्टी.
टपाल ऑफिसवाल्या इंग्रजी मालिकेचा चौथा सीझन संपवला. एकूण अकरा आहेत. माझं मत पक्कं झालं: ऑफिसची कॉमेडी कितीही सीझन चालते, फक्त साहेब बदलता कामा नये. वैदेही म्हणाली, उलट आहे बाबा, पाचव्यापासून तो साहेबच बोअर करतो. तेच तेच बोलतो, मागचं हसणं मात्र तेवढंच. म्हटलं, ते हसणं रेकॉर्डेड असतं, मला कळतं. दुसऱ्या सीझनमध्ये एक बाई हसून शेवटी उचकी देते. तीच उचकी चौथ्यात दोनदा आली. नुसत्या आवाजावरून प्रेसचं बेअरिंग गेलंय हे सांगणारा माणूस आहे मी. खरं हसू कुठलं आणि मशीनचं कुठलं, हे मला पोरीने शिकवायचं?
मग ती शांतपणे म्हणाली, आपल्या कारखान्याचाही सत्ताविसावा सीझन चाललाय. तीन वर्षं तुमच्या समोरच्या स्टुलावर बसतेय. खुर्ची कधी देताय?
वैदेहीची आई कुमुदिनी गवार मोडत होती. म्हणाली, विचारलंय तर उत्तर द्या.
दिलं. खंडेनवमीला मशीनपूजा झाली की मी पहिल्या ऑर्डरचा किस्सा सांगतो. लोक हसले तर पाच वर्षं खुर्चीचं नाव काढायचं नाही. नाही हसले तर खुर्ची तुझी. ती लगेच हो म्हणाली. पोरीला धंद्यातली रिस्क अजून कळत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळचा चहा.
रंगीत तालीम घेतली. किस्सा असा: पहिली ऑर्डर, रबरी वायसरची दोन पोती, स्कूटरवर. आनंदनगरात गेट चुकलो आणि माल बिस्किटाच्या कंपनीत उतरवला. तिथल्या स्टोअरवाल्याने एक वायसर उचलला, वास घेतला आणि विचारलं, फ्लेवर कोणता? इथे मी थांबतो. चष्मा काढतो, रुमालाने सावकाश पुसतो. टायमिंग म्हणतात ते हेच.
सगळे हसले. कान देऊन ऐकलं. आधी पॅकिंगची शालन. अर्ध्या सेकंदाने गुरुदत्त सुपरवायझर. मग बाकी बारा जण एकदम. रेकॉर्डेड हसू असं नसतं. खरं हसूच इतकं शिस्तीत येतं.

११ सप्टेंबर, गुरुवार.
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा मागच्या वर्षीच झालाय. पितृपक्षात नको, असं कुमुदिनीचं म्हणणं होतं. म्हटलं, पितरांनाही मी नीट दिसायला हवा. डॉक्टर म्हणाले, आता चष्म्याला सुट्टी. पस्तीस वर्षांचा चष्मा कपाटात ठेवला. आरशात पाहिलं, दहा वर्षं कमी झाली. वैदेहीला विचारलं, असा माणूस खुर्ची सोडतो का? म्हणाली, थेंब घालायची वेळ झाली, मान वर करा.

२० सप्टेंबर, शनिवार.
आजपासून कामावर. चहाला किस्सा सांगितला. फ्लेवर कोणता, म्हणालो आणि थांबलो.
कोणी हसलं नाही. गुरुदत्त म्हणाला, पुढे काय झालं, शेठ? चौदा वर्षं ऐकतोय हा किस्सा. शालन कप हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, स्टॉपवर उभं राहून बसची वाट बघतात तशी.
कारण उघड आहे. पितृपक्ष. लोकांच्या मनावर ओझं असतं.

२४ सप्टेंबर, बुधवार.
पितृपक्ष संपून तीन दिवस झाले. आता कारण मटेरियलचं असणार. मालिकेतले तीन विनोद मराठी करून नेले. पहिल्याला शांतता. दुसऱ्याला गुरुदत्त म्हणाला, बरोबर आहे. तिसऱ्याच्या मध्येच घाम आला म्हणून रुमालाने कपाळ पुसलं, तर मागच्या आठवड्यात एकाच्या जागी लागलेला वरद नावाचा नवा ऑपरेटर मोठ्याने हसला. शालनने त्याला कोपराने ढोसलं. अजून विनोद आलाच नव्हता.
नवीन पिढीला थांबून ऐकायची सवय नाही. ठरलं, पुन्हा जुनाच किस्सा. जुनं ते सोनं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.
नववा सीझन. साहेब दारातून नुसता आत येतो आणि हसणं सुरू. त्याने तोंडही उघडलेलं नसतं. तीच उचकीवाली बाई. पहिल्या सीझनमध्ये कारकून त्याच्यावर वैतागायचे, एकमेकांकडे बघायचे, म्हणून मजा यायची. आता सगळ्यांना त्याची सवय झालीये. कोणी वैतागत नाही, कोणी ऐकतही नाही. त्याला मात्र वाटतं, आपण अजून फॉर्मात आहोत. म्हटलं, कोणी सांगत कसं नाही त्याला? कुमुदिनी म्हणाली, सांगून ऐकणाऱ्यातला दिसतो का तो?
टीव्ही बंद केला. एकच पोळी गेली. अॅसिडिटी असणार.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
मशीनना झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. किस्सा सुरू केला. गेट, बिस्किट, वास. फ्लेवर कोणता.
नेमका त्याच क्षणी कॉम्प्रेसर कट-ऑफ झाला. त्यामुळे शांतता होती त्याहून जास्त ऐकू आली. वैदेही जिंकली, पण खाली बघत उभी राहिली. निदान तिने तरी हसायचं.
नंतर शालन पेढा घेऊन आली. हळूच म्हणाली, शेठ, चष्मा नव्हता ना, म्हणून घोटाळा झाला. कळेना, म्हणून विचारलं. ती म्हणाली, मागे उभं राहिलं की मशीनच्या आवाजात तुमचं काही ऐकूच येत नाही. तुम्ही चष्मा काढला की किस्सा संपला, मग हसायचं. नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. वरदला सांगितलं होतं, पण त्याने चष्मा बघितलाच नाही, रुमालावरच हसला.
किती वर्षं, विचारलं. म्हणाली, मी लागल्यापासून. एकोणीस. मग म्हणाली, वाईट नका वाटून घेऊ, हसल्याशिवाय तुम्ही सोडत नाही आणि चहा गार होतो हो.
पेढा खिशात तसाच घरी आला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
नीट विचार केला. चूक टेक्निकल आहे. किस्सा निर्दोष, सिग्नल बंद होता. म्हणजे पैज रद्द धरायला हवी. सोनं वाटून झाल्यावर बदलापूर स्टेशनजवळच्या दुकानातून चष्मा आणला. दुकानदाराने नंबर विचारला. म्हटलं, शून्य. तो म्हणाला, मग कशाला हवा? म्हटलं, कामासाठी.
आरशासमोर अकरा वेळा काढून बघितला. कुमुदिनी दारात उभी होती.

४ ऑक्टोबर, शनिवार.
प्लॅन ठरलेला. आधी किस्सा, मग चष्मा, मग हसू, मग वैदेहीशी फेरबोलणी. सगळ्यांना प्रेसजवळ बोलावलं. केबिनमधली खुर्ची कोणीतरी बाहेर आणून ठेवली होती, पुसून. वैदेही बाजूला उभी. हाताला ग्रीस, सकाळपासून प्रेसची डाय बदलत होती. बस म्हटलं तर म्हणाली, बाबा, तुम्ही बसवल्याशिवाय नाही.
किस्सा आठवेना. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.
म्हणालो, आजपासून ही खुर्ची वैदेहीची. माझ्याकडून कोणाला कधी काही कमीजास्त बोललं गेलं असेल, तर... वाक्य तिथेच राहिलं. नव्या डोळ्यांना पाणी लवकर येतं, डॉक्टर म्हणाले होते. पुसण्यासाठी चष्मा काढला.
आधी शालन. अर्ध्या सेकंदाने गुरुदत्त. मग बाकी बारा जण एकदम.